१.९ टीडीआय लॉरा: पोर्चमध्ये बदललेला टायमिंग बेल्ट आणि कॅमशाफ्ट (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

गाडी माझ्या मावसभावाची. २००८ ची स्कोडा लॉरा, १.९ लिटर टीडीआय (टर्बो डिझेल), १०५ अश्वशक्ती. त्याने ती २०१५ मध्ये दुसऱ्या मालकाकडून घेतली. आम्ही दोघंही औरंगाबादचे (आता छत्रपती संभाजीनगर). इथे लॉराबद्दल थोडी जास्तच आपुलकी आहे, कारण शेंद्र्याच्या कारखान्यात या गाड्या जुळल्या आणि आमच्या गल्लीतली निम्मी घरं कुठल्या ना कुठल्या एमआयडीसीवर चालतात. मी स्वतः वाळूजला एका टूलरूममध्ये अकरा वर्षं काम केलं. गाड्यांचा मेकॅनिक मी नाही. पण मोजमापाची सवय आहे, आणि या प्रकरणात तीच उपयोगी पडली.

या इंजिनाची बांधणी आधी समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. फोक्सवॅगनने १९९८ पासून वापरलेली ही पुम्पे-ड्यूजे रचना. इतर बहुतेक डिझेल इंजिनांत एक पंप सगळ्या सिलिंडरना डिझेल पुरवतो. इथे प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर स्वतःचा पंप-इंजेक्टर असतो आणि त्याला दाबतो कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा). दाब २००० बारच्याही वर जातो. म्हणजे एकाच कॅमशाफ्टवर बारा लोब (दांड्यावरचे उंचवटे): आठ वॉल्व्हचे, चार इंजेक्टरचे. इंजेक्टरच्या लोबवर प्रचंड भार, म्हणून ते रुंद आणि त्यांच्यावर रोलरचे रॉकर (दाब पुढे देणाऱ्या तरफा). उरलेल्या जागेत वॉल्व्हचे लोब अरुंद झाले, आणि ते रोलरवर नाही, थेट टॅपेटच्या (वॉल्व्हवर बसणाऱ्या टोपीच्या) सपाट माथ्यावर घासत फिरतात. त्या अरुंद पट्टीवर धातू आणि धातू यांच्यामध्ये ऑईलचा पातळ पडदा असतो, बाकी काही नाही. म्हणूनच या इंजिनासाठी व्हीडब्ल्यू ५०५.०१ दर्जाचं ऑईल सांगितलेलं आहे.

भावाने गाडीची सगळी बिलं जपून ठेवली होती. २०१६ पासूनच्या सहा सर्व्हिसपैकी पाच बिलांवर साधं १५डब्ल्यू-४० डिझेल ऑईल होतं. ट्रकला, ट्रॅक्टरला ते उत्तम. गॅरेजवाल्याने वाईट हेतूने भरलं असं मला मुळीच वाटत नाही. डिझेल गाडी म्हणून डिझेलचं ऑईल भरलं. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून कॅमशाफ्ट फिरवणारा दातेरी पट्टा) ८२,००० किलोमीटरला बदलल्याचं बिल होतं. आता काटा १,४८,००० वर होता.

अडचण

२०२२ च्या पावसाळ्यात भाऊ चाळीसगावला गेला, तेव्हा परत येताना कन्नडच्या औट्रम घाटात गाडी ओढेना. तिसऱ्या गिअरमध्ये चढणारा घाट दुसऱ्यात चढला. मागे काळा धूर, आणि थंड इंजिनावर टिक-टिक असा कोरडा आवाज. एका गॅरेजमध्ये स्कॅन झालं: आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) तिसऱ्या सिलिंडरला इतरांपेक्षा खूप वेगळं डिझेल द्यावं लागत होतं, प्रत्येक स्ट्रोकला २.४ मिलिग्रॅमचा फरक. निष्कर्ष निघाला की तिसरा इंजेक्टर गेला. शिवाय बेल्टही लागतोय, दोन्ही एकदम करू.

भाऊ माझ्याकडे आला तो पैसे जमवायच्या हिशेबाने. मी त्याला एवढंच विचारलं, "टॅपेट कव्हर कुणी उघडलं होतं का?" उघडलं नव्हतं.

या सगळ्या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचाही. आकडा सांगत होता की तिसऱ्या सिलिंडरमध्ये काहीतरी वेगळं घडतंय. काय घडतंय ते तो सांगत नव्हता. डिझेल कमी मिळालं तरी आकडा हलतो, हवा कमी मिळाली तरी हलतो. कव्हर उघडायला एक तास आणि नवं गॅस्केट लागतं. इंजेक्टरच्या किमतीपुढे ते काहीच नाही.

रविवारी सकाळी कव्हर उघडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या इनलेट लोबचं (हवा आत घेणारा वॉल्व्ह उघडणाऱ्या लोबचं) नाक चपटं झालेलं डोळ्यांनीच दिसत होतं. कडा विळ्याच्या धारेसारखी. त्याखालच्या टॅपेटच्या माथ्यावर खड्डा. पण दिसलं म्हणजे कळलं असं नाही, म्हणून ग्लो प्लग (सिलिंडर तापवणारे प्लग) काढले, इंजिन हाताने फिरवलं आणि प्रत्येक टॅपेटवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) लावून उचल, म्हणजे लोब टॅपेटला किती दाबतो ते, मोजली. इनलेटचे बाकीचे तीन लोब एकमेकांच्या ०.१ मिलिमीटरच्या आत. तिसऱ्या सिलिंडरचा १.९ मिलिमीटरने कमी. हायड्रॉलिक (आत ऑईल भरलेला) टॅपेट दाबाखाली थोडा खचतो, त्यामुळे एका मापावर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येकी तीनदा मोजलं, आकडा तोच आला. एक्झॉस्टच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या वॉल्व्हच्या) दोन लोबवरही झीज सुरू झाली होती, पण उचल अजून बरी होती.

इंजेक्टर निर्दोष होता. वॉल्व्ह पुरेसा उघडतच नव्हता.

समोरचे पर्याय

बेल्ट बदलायचा आणि कॅमचं नंतर बघायचं, हा विचार भावाच्या मनात दोन दिवस होता, कारण तो स्वस्त होता. मी तो लगेच बाजूला ठेवला. घासलेला धातू ऑईलमध्ये जातो आणि तेच ऑईल टर्बोच्या बेअरिंगलाही जातं. शिवाय कॅमला हात लावायचा तर बेल्ट पुन्हा उतरवावाच लागतो. एकच काम दोनदा करण्यात अर्थ नव्हता.

वर्कशॉपने सगळं मिळून १,१०,००० रुपये सांगितले. काम नीट झालं असतं. पण गाडीची बाजारातली किंमतच दोन लाखांच्या आसपास होती.

तिसरा पर्याय भंगार बाजारातला वापरलेला कॅमशाफ्ट, आठ हजारांत. इथे आमचे जुने ओळखीचे मेकॅनिक चाचा मदतीला आले. त्यांनी फोनवर सरळ सांगितलं, "जुना कॅम कोणत्या ऑईलवर चालला ते तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर घेऊ नका." वापरलेल्या लोबवर नवा टॅपेट, किंवा उलट, बसवला तर दोघे एकमेकांना खातात.

चौथा पर्याय मला स्वतःला मोहवणारा होता. लोबवर वेल्डिंग भरून पुन्हा ग्राइंड करायचं. शहरात हे काम करणारे कारागीर आहेत आणि जुन्या ट्रकच्या कॅमवर ते चांगलं करतात. मी दोन रात्री यावर घालवल्या. अडचण कडकपणाची होती. लोबच्या वरच्या थराला जी उष्णता-प्रक्रिया दिलेली असते, तो थर फार जाड नसतो. भरलेल्या धातूचा कडकपणा मूळ लोबशी किती जुळेल हे मी तपासू शकलो नसतो. आणि न भरता नुसता घासून आकार दिला तर लोबचा खालचा गोलही लहान होतो, ती कसर टॅपेटने भरून काढायची, त्याचीही मर्यादा असते. एरवी रुंद लोब असता तर मी धजावलो असतो. या अरुंद पट्टीवर नाही.

मग उरला नवा कॅमशाफ्ट, आठ नवे टॅपेट, बेअरिंगचे नवे शेल आणि सगळे नवे बोल्ट, आणि काम घरी. हेच ठरलं. बेल्टबरोबर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) आणि पाण्याचा पंपही. पंप याच बेल्टवर फिरतो. जुना पंप ठेवून नवा बेल्ट लावायचा आणि पुढे पंपाचं बेअरिंग अडकलं तर बेल्ट तुटतो आणि वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

काम: पहिला टप्पा

सुरुवातीलाच पाच दिवस वाया गेले. क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) जागेवर धरून ठेवायचं लॉकिंग टूल या इंजिनांसाठी दोन प्रकारचं असतं. एक गोल दातेरी चक्रासाठी, दुसरं लंबगोल चक्रासाठी. मी इंजिनाचा कोड न बघता गोल मागवलं. आमचं चक्र लंबगोल होतं. कॅमच्या हबसाठी (टोकावरच्या चक्राच्या मधल्या भागासाठी) सहा मिलिमीटरची पिन लागते, ती मात्र विकत घेतली नाही. टूलरूममधली सहाची घासलेली डोवेल पिन ड्रिलच्या दांड्यापेक्षा कितीतरी अचूक असते. क्रँकचं लॉक घरी करायचा विचार मनात आला होता, पण सोडला. त्याचे दात बेल्टच्या दातांशी जुळायला हवेत, आणि तिथली चूक लपून राहत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सीडकोतल्या भावाच्या पोर्चमध्ये गाडी लावली. उजवं चाक काढलं, आतलं प्लास्टिक काढलं, कूलंट काढला, क्रँकची पुली काढली. या इंजिनात बेल्ट बाहेर यायचा तर उजवीकडचं इंजिन माउंट काढावंच लागतं. म्हणजे इंजिनाला खालून किंवा वरून आधार हवा.

इथे आमच्या हातून जी चूक झाली ती सांगायलाच हवी. आम्ही ट्रॉली जॅकवर बाभळीचा ठोकळा ठेवून इंजिन उचललं, माउंट काढलं आणि संध्याकाळ झाली म्हणून तसंच सोडून गेलो. हायड्रॉलिक जॅक रात्रभरात हळूहळू बसतो. सकाळी इंजिन इंचभर खाली आलं होतं आणि सायलेन्सरच्या लवचीक जोडावर ताण आला होता. नशिबाने काही तुटलं नाही, आणि त्या वेळी खाली कुणाचा हात नव्हता. त्याच सकाळी फॅब्रिकेटरकडून दोन इंची चौकोनी पाइपचा आडवा दांडा करून आणला, दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनच्या टॉवरवर टेकवला आणि साखळीने इंजिन वरून बांधलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

पहिला सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन अगदी वर असतो त्या स्थितीत) आणला, क्रँक लॉक केला, कॅमच्या हबमध्ये पिन घातली, टेन्शनर सैल करून बेल्ट उतरवला. जुन्या बेल्टच्या पाठीवर बारीक चिरा होत्या. अजून किती चालला असता हे सांगता येत नाही, पण मी त्या बेल्टवर घाटात गेलो नसतो.

दुसरा टप्पा: कॅमशाफ्ट

इंजेक्टरच्या रॉकरचे शाफ्ट आधी बाहेरच्या बोल्टकडून आतल्या बोल्टकडे, थोडे थोडे सैल करत उतरवले. मग कॅमला जागेवर धरणाऱ्या पाच कॅप. त्यांच्यावर क्रमांक असतात आणि त्या आपापसात बदलायच्या नसतात. आधी १, ३ आणि ५ काढायच्या, मग २ आणि ४ आलटून पालटून सैल करायच्या, म्हणजे वॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला सरळ वर उचलतात आणि तो वाकत नाही.

जुना कॅम काढून बाकावर मायक्रोमीटरने मोजला. तिसऱ्या इनलेटच्या लोबची एकूण उंची शेजारच्यांपेक्षा २.० मिलिमीटरने कमी. गाडीत डायल गेजवर १.९ आली होती. बंद इंजिनात बाहेरून मोजलेलं माप इतकं खरं निघतं, याचा मला फार आनंद झाला.

नवा कॅम बसवण्याआधी आमचा मतभेद झाला. भावाचं म्हणणं, क्रँक लॉकवरच राहू दे, टीडीसी हातची जायला नको. माझं म्हणणं वेगळं होतं. क्रँक लॉकवर असताना एक आणि चार नंबरचे पिस्टन अगदी वर असतात. नवे टॅपेट, नवा कॅम, बोल्ट आवळताना काही वॉल्व्ह खाली ढकलले जाणारच. खाली पिस्टन उभा असेल तर वॉल्व्ह वाकतो.

"दादा, परत टीडीसी चुकली तर?"

"चुकली तर पुन्हा शोधू. वॉल्व्ह वाकला तर हेड उतरवावं लागेल."

लॉक काढला, क्रँक पाव फेरा उलट फिरवला, चारही पिस्टन मध्यावर आले. मग टॅपेट ऑईलमध्ये बुडवून बसवले, लोबवर असेंब्ली पेस्ट लावली, पहिल्या सिलिंडरचे लोब वर तोंड करून कॅम ठेवला. आधी २ आणि ४, मग १, ३ आणि ५. बोल्ट ८ न्यूटन-मीटर आणि पुढे ९० अंश. इतका कमी टॉर्क (आवळायचा जोर) मोठ्या रेंचवर कळत नाही; त्यासाठी टूलरूममधून लहान रेंच आणला होता. शेवटच्या कॅप्सच्या काठावर सीलंटचा पातळ थर द्यायचा असतो, तो दिला.

रॉकर लावल्यावर प्रत्येक इंजेक्टरचा स्क्रू जुळवायचा असतो. इंजिन फिरवत त्या इंजेक्टरचा लोब पूर्ण दाबाच्या स्थितीत आणायचा, ती स्थिती डायल गेजवर पकडायची, स्क्रू पक्का अडेपर्यंत आत न्यायचा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या कोनाइतका मागे घ्यायचा. हे अंदाजाने केलं तर इंजेक्टरचा दांडा तळाला आपटतो. चारही स्क्रूंना मिळून आमचा दीड तास गेला आणि तो वेळ योग्य ठिकाणी गेला.

नवे टॅपेट बसवल्यावर निदान अर्धा तास तरी इंजिन सुरू करायचं नसतं. ते ऑईलने फुगलेले असतात. खचून आपल्या उंचीवर यायला वेळ लागतो, तोवर वॉल्व्ह जास्त उघडे राहतात. रात्रीचे नऊ वाजले होते. भावाला गाडी त्याच रात्री सुरू झालेली बघायची होती आणि मलाही. बेल्ट लावला, टेन्शनर खुणेवर आणला, आणि मग थांबलो. सकाळी ताज्या डोळ्यांनी हाताने दोन पूर्ण फेरे दिले. कुठेही अडलं नाही. क्रँकचा लॉक आणि कॅमची पिन दोन्ही पुन्हा सहज बसले.

सुरू झाल्यावर

तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झालं. पांढरा धूर, वीस-तीस सेकंद टॅपेटचा खडखडाट, मग शांत. भावाच्या आईने चहा आणला आणि आम्ही दोघं बराच वेळ नुसता तो आवाज ऐकत बसलो.

पण दोन गोष्टी उरल्या होत्या. हेडच्या मागच्या टोकाला, कॅमवरच फिरणारा डिझेल आणि व्हॅक्युमचा टँडम पंप असतो. तो काढला होता आणि जुनंच गॅस्केट परत लावलं होतं. संध्याकाळी खाली डिझेलचे थेंब दिसले. ते थेंब बाहेर पडले हे बरंच झालं. तेच डिझेल आत ऑईलमध्ये गेलं असतं तर पातळ ऑईलने नव्या कॅमची तीच गत केली असती. तीनशे रुपयांचं गॅस्केट आणून पुन्हा लावलं.

दुसरी गोष्ट सूक्ष्म. पिना दोन्हीकडे बसल्या म्हणजे टायमिंग बरोबर, असं मी धरून चाललो होतो. इंजिन तापवून लॅपटॉप जोडला आणि चौथ्या मापन-गटात क्रँक आणि कॅम यांच्यातला कोन बघितला. शून्याजवळ हवा होता, २.८ अंश दिसला. पिनेत आणि छिद्रात जी किंचित ढील असते, ती आणि बेल्टचा ताण मिळून एवढा फरक पडतो. कॅमच्या चक्राचे तीन बोल्ट लांबट छिद्रांत असतात; ते सैल करून हब अगदी थोडा फिरवला, पुन्हा आवळले, पुन्हा बघितलं. तिसऱ्या खेपेला ०.३. आवाजातला फरक मला जाणवला नाही. आयडल मात्र स्थिर झाला.

निकाल

तिसऱ्या सिलिंडरचा तो डिझेलचा फरक २.४ वरून ०.३ मिलिग्रॅमवर आला. इंजेक्टरला कुणी हातही लावला नव्हता. डिसेंबरमध्ये भाऊ पुन्हा औट्रम घाटात गेला, तिसऱ्या गिअरमध्ये चढला.

एकूण खर्च ७१,४०० रुपये, त्यात चुकीचं मागवलेलं लॉक, छोटा टॉर्क रेंच आणि तो चौकोनी पाइपही आला. वर्कशॉपपेक्षा साडेअडतीस हजारांहून थोडे जास्त कमी, पण चार दिवस दोन माणसं राबली आणि पाच दिवस गाडी नुसती उभी होती. रोज गाडीवर पोट असणाऱ्याला मी हा मार्ग सुचवणार नाही.

ऑईल ५०५.०१ चं ५डब्ल्यू-४० भरलं, आणि ५०० किलोमीटरला ते फिल्टरसकट काढून टाकलं. फिल्टर कापून उघडला तर घड्यांत चमचमणारी भुकटी होती. पुढच्या २,००० किलोमीटरला पुन्हा कापला, जवळपास स्वच्छ.

पुन्हा करायचं झालं तर

ऑईलचं चेंबर उतरवीन. आम्ही ते टाळलं कारण पोर्चमध्ये गाडी पुरेशी उंच नव्हती. ऑईल पंपाच्या जाळीवर त्या लोबचा किती धातू बसला होता हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. फिल्टर स्वच्छ निघाला म्हणून दिलासा आहे, पण ते अप्रत्यक्ष आहे, आणि या कामातली मला सलणारी एकमेव गोष्ट हीच.

इंजिनाचा कोड बघून मगच टूल मागवीन. उतरवलेल्या प्रत्येक भागाचं गॅस्केट आणि सील आधीच आणून ठेवीन, टँडम पंपाचं सगळ्यांत आधी. इंजिन वरून बांधल्याशिवाय माउंटच्या बोल्टला पाना लावणार नाही.

आणि कव्हर लवकर उघडीन. टिक-टिक जुलैमध्ये ऐकू आली होती, आम्ही ऑक्टोबरमध्ये बघितलं. लोबच्या कडक थराला एकदा छेद गेला की पुढची झीज वेगाने होते. जुलैत उघडलं असतं तर धातू कमी गळला असता. कॅम तरीही बदलावाच लागला असता.

गेल्या महिन्यात, नव्या कॅमवर ११,००० किलोमीटर झाल्यावर, आम्ही पुन्हा कव्हर काढून डायल गेज लावली. आठही लोबची उचल बसवलेल्या दिवशीच्या नोंदीशी जुळली, ०.०५ मिलिमीटरच्या आत. नोंदींचा कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये, सर्व्हिसच्या बिलांना पिन करून ठेवला आहे, आणि त्यावर भावाने लाल शाईने ऑईलचा क्रमांक लिहून ठेवला आहे.